जास्वंदीवरचा पक्षी आणि हाशममामूची सही

ताइफ, २९ जानेवारी १९९१
७८६
चि. साबिरा, मामूची दुआ.

नाही, तो पक्षी मी पाळलेला नाही. त्याचा तो येतो, खोलीमागच्या अंगणातल्या जास्वंदीवर. अंगठ्याएवढा, काळा-निळा, चोच वाकडी. तेवढ्यासाठी तुझा नवरा दुपारचं जेवण सोडून कॅमेरा धरून उकिडवा बसतो. तू फोटो मागितलास म्हणे. इथं लढाई चाललीय बाई. डोक्यावरून विमानं जातात, कपबशा वाजतात, आणि यासीन मला सांगतो, मामू, हलू नका, सावली पडते.

कफीलने, म्हणजे आमच्या मालकाने, विषारी गॅससाठी मास्क दिले. सही करा म्हणाला, केली. यासीनला मात्र प्रत्येक अरबी कागद कुणाकडून तरी वाचून घ्यायचा असतो. मी अठरा वर्षं समोर येईल त्यावर सही केली, म्हणून इथं टिकलो.

बाकी बरं. आठवण असू दे.
हाशममामू

दापोली, १७ फेब्रुवारी १९९१
७८६
ती. हाशममामूंस साबिराचा सलाम.

ह्यांचं पत्र नाही, फोटोही नाही. घरट्यात दोन अंडी आहेत, रीळ धुवायला दिलंय, एवढंच शेवटच्या पत्रात होतं. इथं रेडिओ लावला की मेलेल्यांचे आकडे. म्हणून म्हटलं, पाकिटातून एक जिवंत काहीतरी येऊ दे. तुम्ही रागावलात का त्यांच्यावर? तुमच्यापुढे ते बोलत नाहीत, पण तुम्हाला बापाच्या जागी मानतात. जे असेल ते खरं कळवा.

तुमच्या दुआंची वाट बघणारी,
साबिरा

ताइफ, ९ मार्च १९९१
७८६
साबिरा,

मी रागावलो नव्हतो. फोटोवाल्याने रीळ पोलिसांना दिलं. चार फोटोंत पक्ष्याच्या मागे विमानं आली होती. यासीनला घेऊन गेले, मागून मला बोलावलं. मी म्हटलं, पक्ष्याचे फोटो आहेत, सोडा त्याला. साहेबाने मान हलवली, कागद पुढे केला. यासीन समोरच उभा होता. म्हणाला, मामू, आधी वाचून घ्या. मला वाटलं सुटकेचा कागद, खोळंबा कशाला. केली सही.

कफीलने नंतर तो कागद वाचून सांगितला. हा रोज दुपारी विमानांचे फोटो काढायचा, मी डोळ्यांनी बघितलं, अशी माझी साक्ष.

परत गेलो. म्हटलं, ती सही माझी नाही. त्यांनी माझा इकामा, इथं राहायचा परवाना, उघडून शेजारी ठेवला. तीच सही. कफील म्हणतो, खलास, मला यात ओढू नको. लढाई संपली तरी यासीन आतच आहे. किती दिवस, कोणी सांगत नाही.

पिल्लं उडून गेली. घरटं लटकतंय. कॅमेरा पोलिसांकडे.

शेवटी माया ठेव असं लिहितात. मी लिहीत नाही. मी सही करताना यासीनने माझ्याकडे कसं बघितलं, ते तू विचारशील. विचारू नकोस. मी सांगणार नाही.
हाशम