चार नंबरच्या मागापुढची फळी

माय,

गेल्या रविवारी नागपुरात प्रताप नगरच्या एका सभागृहात मी तुला पुन्हा लोकांपुढे उभं केलं. विषय होता साध्या माणसांचं शौर्य, आणि त्यावर बोलायला माझ्याइतकं कोणाला बोलावत नाहीत. पुस्तकांतली मोठी माणसं मी दहा मिनिटांत संपवते आणि कामठीच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये येते, जिथे तू कोपऱ्यात चाकावर सुताच्या कांड्या भरायचीस. चार नंबरच्या मागाला विजेचा झटका बसायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. दुरुस्ती कोणी केली नाही. मागापुढे एक लाकडी फळी टाकली आणि तिच्यावर उभं राहूनच विणायचं, असा रिवाज पडला. नव्या माणसाला काम शिकवायच्या आधी फळी दाखवायचे. एकदा तपासणीला साहेब येणार म्हणून मालकानं ती काढून मागच्या खोलीत ठेवली. तपासणी झाली, फळी परत टाकायची राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी चार नंबरवरचा विणकर खाली न बघता, सवयीनं, ओल्या फरशीवर उभा राहिला आणि मेला. चौकशीच्या साहेबापुढे चौदा माणसं म्हणाली की तो दारू प्यायचा, त्याचं हृदय बंद पडलं. तू चाकावरचा हात न काढता म्हणालीस, "साहेब, तिथं फळी राहते. मालकानं काढून ठेवली."

इथे मी थांबते. कुठे थांबावं हे मला फार चांगलं कळतं. घोटभर पाणी पिते, टाळ्या पडतात, मग विचारते की तुमच्यापैकी कितीजण बोलले असते. माना खाली जातात. पुढचं मी कधीच सांगत नाही.

पुढचं असं, की कामठीतल्या एकाही शेडनं तुला सूत दिलं नाही. नळावर बायका म्हणायच्या, "सरका वं, पुढारीनबाई आल्या. नाही त साहेबाले सांगतीन, फळी तुम्हीच पळवली." तू पाण्याचा गुंड भरून घरी यायचीस. घरात शिजवायला काही नव्हतं. मी सतरा वर्षांची, नागपूरच्या कॉलेजात जायची स्वप्नं बघणारी. मी विचारलं, "काहून बोलली वं तू? काय अडलं होतं तुह्यं?"

"साहेबानं विचारलं ना."

तुझ्याजवळ एवढंच उत्तर होतं. त्याच्यामागे विचार नाही, तत्त्व नाही, पोरगी उद्या काय खाईल याची चिंता तर नाहीच. मी तुझा इतका द्वेष पुन्हा कोणाचाच केला नाही. शूर माणसाच्या घरात उपाशी बसणं काय असतं, हे माझ्या भाषणाला टाळ्या वाजवणाऱ्यांना कळणार नाही. त्यांना शौर्य हवं असतं ते दुसऱ्याच्या आईचं, आणि तीही मेलेली.

तुझ्या साक्षीनंतर नवव्या दिवशी मी मालकाच्या घरी गेले. तो ओसरीवर चहा पीत होता. "तुह्या मायचं डोकं ठिकाणावर हाये का वं?" त्यानं विचारलं. रागानं नाही, वाट चुकलेल्याला वाट दाखवावी तसं. मी म्हणाले, नाही. त्यानं कागद पुढे सरकवला आणि मी लिहिलं: माझी आई मनानं आजारी आहे, तिला भास होतात, तिच्या बोलण्यावर विश्वास ठेवू नये. खाली सही केली. त्यानं वाचून मान डोलावली. "अक्षर मोत्यावानी हाये. शिकजो, सोडू नको." मला आनंद झाला, माय. लाजेच्या आधी आनंद झाला. ते माझं पहिलं जाहीर निवेदन.

साहेबानं तुला मालकाच्या खोलीत बसवून तो कागद वाचून दाखवला. बाकीच्यांना फक्त निकाल कळला: म्हातारी पागल आहे. दुसऱ्या दिवसापासून सूत मिळालं. संध्याकाळी तू गठ्ठा खाली ठेवतेस, पदरानं तोंड पुसतेस आणि विचारतेस, "भास म्हंजे काय वं?"

"जे नाही ते दिसणं."

तू गठ्ठ्याची गाठ सोडतेस. "मंग होत असतीन," म्हणतेस. "मले वाटे, मले पोरगी हाये."

त्यानंतर तू बारा वर्षं जगलीस. बायका तुझी प्रत्येक कांडी पुन्हा तपासून घ्यायच्या, गल्लीतली पोरं विचारायची, "मावशी, फळी कुठं गेली वं?" मी तेव्हा नागपुरात वक्तृत्वाची बक्षिसं मिळवत होते. कागद कोणी लिहिला हे तू कोणालाच सांगितलं नाहीस. तो तुझा मोठेपणा होता, असं आजवर मी मानत आले. आता वाटतं, कोणी विचारलंच नसेल.

रविवारी भाषण संपल्यावर चाळिशीची एक बाई आली. "मॅडम, चार नंबरवर माहा बाप होता." मी पाळण्यात पाहिलेली ती पोर. "आम्ही ऐकत आलो, दारूनं मेला. मायनं त्याचा फोटो भिंतीले लावू नाही देल्ला, मरेपर्यंत शिव्या देल्या त्याले. तुमच्या मायचं कोणी काहून नाही ऐकलं जी?"

मी म्हणाले, "तो काळच तसा होता."

वाक्य चांगलं होतं. तिनं मान हलवली आणि माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत. तिनं कळमेश्वरचा पत्ता लिहून दिला. "माहा भाऊ नाही मानत. तुम्ही सारं लिहून पाठवा. तुमचं मानन तो. मंग बापाचा फोटो लावू."

सहा दिवस मी त्या पत्त्यासमोर कोरा कागद घेऊन बसते आहे. फळीचं दोन ओळींत लिहून होतं. पण तिनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिसऱ्या ओळीत येतं आणि तिथे माझी सही आहे. ते वाचून ती पुन्हा माझ्या भाषणाला येणार नाही, वर दहाजणांना सांगेल. खरं बोला म्हणून गावोगाव ओरडणारी मी, एका बाईच्या प्रश्नासमोर काळाच्या मागे लपले.

आज पेन उचललं ते तिच्यासाठीच. वर तिचं नाव लिहायचं होतं. तिथे माय लिहिलं, कारण तिला वाचता येतं, तुला येत नव्हतं.