कावळे जेवले, बाबा राह्यले

तीर्थस्वरूप विमलताईस,

लहान्या भगवानचा दंडवत. इकडे सर्व खुशाल आहे, तिकडची खुशाली कळवावी. भाऊजींच्या गुडघ्याला आता कसे आहे? नात सलोनीची परीक्षा कशी गेली? (इथपर्यंत शाळेत गुरुजीनं शिकवलं तसं लिहिलं. पुढं गुरुजीचं काही चालत नाही, आपलं घरचं बोलतो.) ताई, सर्व खुशाल आहे हे खोटं आहे. बाबाच्या ताटाले यंदा कावळा शिवला नाही. आठमीले भर दुपारी स्लॅबवर उभा राहून राहून माही टाळू तापली, पण एक कावळा फिरकला नाही. फोन काहून नाही केला म्हणशीन, तर फोनवर तू मले वाक्य पुरं करू देत नाही, अन् तुह्या फोनचा आवाज असा, की भाऊजी, सलोनी अन् शेजारची सारी आळी ऐकते. कागद मधात बोलत नाही, एवढं बरं आहे.

आता हे झालं कसं, ते मुळापासून सांगतो. उन्हाळ्यात नगरपंचायतीनं आपल्या वार्डात समाजमंदिराच्या मागं विटांचे दोन हौद बांधले अन् घरोघरी एक हिरवी बादली देल्ली. भाजीचे देठ, साली, चहाचा चोथा, शिळी पोळी, असं सारं ओलं त्या हौदात टाकाचं, वरून वाळला पालापाचोळा, त्यावर शेणाचं पाणी, अन् अधूनमधून खालवर कराचं. दीड-दोन महिन्यात त्याचं खत होते, अन् ज्यानं कचरा देल्ला त्याले ते फुकट भेटते. बचत गटाची हंसाबाई त्या हौदायची मुख्त्यार. (तिचा आवाज तू ऐकला नाही. तुह्यापेक्षा जरासा मोठा आहे.) सारा वार्ड नाकाले रुमाल लावून लांबून जाये, मी मात्र रोज सकाळी चहा पेलो की हौदावर. काय पाह्यलं मी तिथं? वाफ! हौदातून वाफ निंघून राह्यली होती, अन् खाली विस्तव ना काही. हात खुपसून पाह्यला तर आत भाकरीच्या पोटासारखं गरम. कचऱ्याले ताप येते, हे मले पन्नाशी उलटल्यावर समजलं! अन् ताप येते तर किती येते, हे पाहाले नको? घरचा थर्मामीटर नेला अन् खुपसला. त्यानं आकडा दाखवाचंच सोडून देल्लं. मी त्याले धुतलं, पुसलं, डब्यात ठेवलं. आता तुही भावजय उज्ज्वला त्याच आठवड्यात तापानं फणफणली, यात माही काय चूक? तिनं तो तोंडातून काढल्यावर मग मी सांगतलं. (आधी सांगाले पाहिजे होतं, हे मान्य.)

दुसरी चौकशी बादल्यायची. माणूस तोंडानं काहीही सांगो, बादली खरं बोलते. आपल्या शेजारच्या नागोरावची बायको गावभर सांगत फिरे, की यायची शुगर वाढली तवापासून गोडाचं नावच नाही. अन् बादलीत पाहाय तर आंब्याच्या कोयाच कोया! मी काही बोललो नाही, फक्त नागोराव दिसला की आंब्याचा भाव विचारत होतो. शेवटी हंसाबाईनं मले हटकलं, की भाऊ, तुम्ही खत पाहाले येता का लोकायचा सैपाक पाहाले? मी म्हणलं, बाई, दोन्ही.

पण ह्या साऱ्या चौकशीत एक गोष्ट माह्या ध्यानातच आली नाही, की माह्यासारखंच आणखी कोणी तिथं रोज हजेरी लावून राह्यलं होतं. कावळे! सकाळी बादल्या रिकाम्या झाल्या की त्यायची पंगत बसे. पोळी म्हणू नको, भात म्हणू नको, कोणाघरचं थालीपीठ म्हणू नको. चार महिन्यात एकेक कावळा असा गुबगुबीत झाला, की उडाच्या आधी विचार करे. आखाडी झाली, पोळा झाला, कोणाले काही वाटलं नाही. मग लागला पितृपक्ष.

आठमीले उज्ज्वलानं तांदळाची खीर, उडदाचे वडे, कढी, कोहळ्याची भाजी, असं सारं मनापासून केलं. केळीच्या पानावर वाढलं, मी वर नेऊन ठेवलं, घसा बसेपर्यंत काव काव केलं. समोर समाजमंदिराच्या कठड्यावर कावळे रांगेनं बसेल दिसत होते. एकानं मान वळवून पाह्यलं, चोच कठड्याले पुसली अन् डोळे मिटले. आता कावळा नाही शिवला म्हणजे जाणाऱ्याच्या मनात काही राह्यलं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. म्हणून मी हात जोडून एकेक कबूल कराले लागलो. बाबा, शेताच्या धुऱ्याचं भांडण सोडतो, चुलतभावाशी बोलणं धरतो. ढिम्म. बाबा, तुमची सायकल भंगारात देत नाही. ढिम्म. बाबा, तंबाखूचा खर्रा सोडतो. (हे म्हणतानी खर्रा तोंडातच होता, त्यायनं पाह्यलं असन.) तेवढ्यात मागून उज्ज्वला म्हणते, मिक्सर घेतो म्हणून पाहा बरं, मामंजीच्या मनात होतं. अवो माय! बाबा असेपर्यंत पाट्यावरच्या चटणीशिवाय त्यायले घास जात नव्हता, पण अशा टायमाले वाद कराचा नसते, म्हणून तेही कबूल केलं. कावळा आला नाही, मिक्सर मात्र घरी आला.

माहं एकट्याचंच असं असतं तर गोष्ट येगळी, पण साऱ्या वार्डाचे पितर उपाशी! मग नागोरावनं डोकं चालवलं, की कावळा ताटाकडं येत नाही तर ताट कावळ्याकडं नेऊ. त्याच्या वडिलाची तिथी नवमीले होती. त्यानं पान नेऊन हौदाजोळ ठेवलं, त्याचं पाहून आणखी चार घरची पानं आली. हंसाबाई कंबरेवर हात ठेवून आडवी. खीर, तेल, दूध हौदात चालत नाही, नियम आहे. आम्ही म्हणलं, बाई, हौदात नाही, हौदाजोळ. तर कावळे खाली आले खरे, पण आले ते हंसाबाईच्या हातातली शिळी पोळी पाहून. अन् त्या घाईत एकाचा पाय नागोरावच्या वड्यावर पडला. झालं! पाय पडला म्हणजे शिवला का नाही शिवला? नागोराव म्हणे शिवला. त्याची बायको म्हणे चोच लागल्याशिवाय मी नाही मानत, मामंजी मले ओळखतात. निम्मा वार्ड पायाच्या बाजूनं, निम्मा चोचीच्या. शेवटी श्राद्ध सांगणाऱ्या गुरुजीले फोन लावला, तर त्यायनं विचारलं, कोणता पाय? आता हे कोणी पाह्यलं होतं, बाप्पा? (मी पाह्यला होता. डावा. पण नागोराव शेजारी आहे, म्हणून गप्प बसलो.)

मले सारे म्हणत होते, भगवानराव, तुम्ही पण बाबाचं पान पुन्हा वाढून इथं आणा. मी म्हणलं, नाही आणत, आमचे बाबा आयुष्यात कोणाच्या दारी जेवाले गेले नाहीत. अन् हे म्हणतानीच, ताई, मले तू आठवली. तुले भेटाले पांढरकवड्याले आलो, की बाबा घरून बांधून आणेल भाकर तुह्या ओट्यावर बसून खात. लेकीच्या घरचं अन्न घ्याचं नाही, हा त्यायचा नेम. पाणीसुद्धा कोपऱ्यावरच्या हापशीचं पेत. तू बेसनाच्या पातोडीच्या रश्शाची वाटी घेऊन उंबऱ्यात उभी राहे, मग पदरानं डोळे पुसून परत आत जाये, अन् ती वाटी मी खाओ. तुले एक माहीत नाही. परत येतानी एसटीत बाबा मले घरापर्यंत तेच विचारत. पातोडी मऊ होती का रे? रस्सा पातळ का दाट? खोबरं भाजेल होतं का कच्चं? (चौकशीचा रोग मले कुठून लागला, हे तुले आता समजलं असन.) मी लहान, मले कुठं सांगता येते! तिखट होती, एवढंच म्हणो. मग ते खिडकीबाहेर पाहात बसत.

म्हणून मी दशमीले दुपारी पुन्हा पान वाढून स्लॅबवर नेलं, अन् नुसतं येवढंच म्हणलं, की बाबा, विमलताईच्या हातची पातोडी खाता का? खोटं नाही सांगत, कठड्यावरचा एक कावळा उडाला अन् आपल्या टाकीवर येऊन बसला. मान वाकडी केली. खाली उतरला, पानाभोवती पुरा एक चक्कर मारला, वाटीत वाकून पाह्यलं. वाटीत कढी होती. गेला.

तर इकडची हकिकत अशी आहे. सर्वपित्री अमावस्या अजून बाकी आहे, हे तुले माहीतच असन. मी काही मागत नाही, फक्त कानावर घातलं. भाऊजींना नमस्कार, सलोनीले आशीर्वाद.

तुहा,
भगवान

ता. क. : काही मागत नाही, हे भाऊजी वाचतील म्हणून लिहिलं. अमावस्येले मी सकाळच्या एसटीनं येऊन राह्यलो. पातोडी कर. रस्सा दाट ठेव, खोबरं भाजून घे. मेल्यावर लेकीच्या घरचं चालते का, हे मी गुरुजीले विचारलं. ते म्हणाले, नेम माणसाचा होता, कावळ्याचा नाही.

ता. क. २ : खरं सांगाचं तर, तो कावळा टाकीवर आला त्याच्या आदल्या सांजेलेच हंसाबाईनं दोन्ही हौदावर जाळी टाकली होती. म्हणजे भुकेनंही आला असन. कोणतं कारण खरं, हे मले तुह्याच घरी समजीन. म्हणून तुमच्या तिकडं असे हौद झाले का, ते पाहून ठेव, अन् हे पत्र भेटल्यापासून कावळ्याले पोळी टाकणं बंद कर. (पत्र नागोरावच्या हाती देऊन राह्यलो, तो तिकडं सोयऱ्याकडं येऊन राह्यला. पाकीट फुटेल दिसलं तर त्याले सांगजो, की पाय डावा होता.)

ता. क. ३ : ताई, पान ओट्यावर नको ठेवजो. ओट्यावर बाबा लय बसले. आतल्या आंगणात ठेवजो, दार उघडं ठेवजो, अन् वाटी घेऊन उंबऱ्यात उभी नको राहू, पानाजोळ बसजो.