लताआत्यांचे मूळ

बाली, १२ जानेवारी

तीर्थरूप आबांस, चंदनचा चरणस्पर्शपूर्वक नमस्कार.

बहिणीचे, आपल्या मोनालीचे, लग्न परदेशात करण्यास आपण होकार दिलात, शिवाय चोवीस पाहुण्यांचे पासपोर्ट स्वतः फिरून काढून दिलेत. हे उपकार मी विसरणार नाही.

येथे मांडवाला केळीचे खांबही मिळाले! सर्वांनी भुसावळहून रेल्वेने मुंबईस यावे, तेथून विमान आहे. प्रत्येकाच्या गळ्यात पिवळा रुमाल असावा, म्हणजे गर्दीत कोणी चुकणार नाही. आईसाठी चाकांची खुर्ची सांगितली आहे. तिचे गुडघे कसे आहेत?

चूक एकच झाली. लताआत्यांना मी तिकीट मोबाइलवर पाठवले. त्या फोनवर कडाडल्या, "न्यायाले कोनी येत नाही, अन् म्हने इमानात बैस! मूळ काय मोबाइलात येतं का रे?" लग्नाला आत्याला आणण्यास घरचे माणूस मूळ म्हणून जाते, हेच मी विसरलो. त्या आल्या नाहीत तर मोनाली हळदीला बसणार नाही म्हणते.

म्हणून लग्नाच्या आठवडाभर आधी मी स्वतः रावेरला त्यांच्या दारी येत आहे. त्यांना एवढेच सांगावे: पिशवी भरून ठेवा, मूळ समुद्रापलीकडून निघते आहे.

आपल्या होकाराचा ऋणी,
चंदन