मुत्याची आंधळी बाजू

प्रिय कुया बेर्तिंग,

बहिणीचं अक्षर बघून हसू नकोस. डाव्या हाताने लिहितेय. उजव्याचं काय झालं ते सांगतेच, पण आधी घरचं सांगते, नाहीतर तू पहिल्याच ओळीला घाबरशील आणि आपल्या घरात सध्या मी एकटी घाबरलेय तेवढं पुरे आहे. नानाय बरी आहे. दिवसभर गुडघे गुडघे करते आणि फिएस्ताच्या नाचात मात्र सगळ्यांच्या पुढे. चर्चमागच्या मैदानात पेर्या आलाय, पाळणे, नेमबाजी, सगळा लवाजमा घेऊन. यंदा त्या जत्रेवाल्याने प्राणीही आणलेत. महिनाभर तरी मुक्काम हलवत नाही म्हणे. हलला असता तर हे पत्र लिहावंच लागलं नसतं.

मला मुत्या चावली. लिहून टाकलं एकदाचं. अजून कुणालाही बोलले नाहीये, जन्मदात्या नानायलासुद्धा नाही. आपल्या पार्कात सी-लायनच्या तळ्यावर सकाळच्या खाण्याची वेळ होती. तू शिकवलंस तशी तारलीच्या कल्ल्यात औषधाची गोळी खुपसली होती. तिचा डावा डोळा आता पुरता पांढरा झालाय, कुया. मागच्या वर्षीपर्यंत नुसती साय धरल्यासारखा होता. त्या बाजूने जाताना आधी आवाज द्यायचा, मग खांद्याला हात लावायचा आणि मगच मासा, हे मी झोपेतही चुकणार नाही असं मला वाटायचं. पण त्या दिवशी शाळेची सहल आलेली. पोरं कठड्यावर लोंबकळत होती. एकाला दटावायला मी मान वळवली आणि हात तसाच पुढे गेला. मासा कुठे संपतो आणि बोट कुठे सुरू होतं हे तिला बिचारीला काय दिसणार? कळलं तशी तिने झटकन सोडलं आणि स्वतःच दचकून पाण्यात गेली. मी हातमोजा चढवला आणि उरलेली बादली हसत हसत संपवली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मोज्यात रक्त साचत होतं.

का नाही सांगितलं, विचारशील. गेल्या वर्षी फोटो काढताना एका पाहुणीच्या मनगटाला तिचे दात लागले होते. तेव्हा आमचे नवे मालक, सर गाविनो, सगळ्यांसमोर म्हणाले, आणखी एकदा हिने कुणाला दात लावला की ही इथून गेली, मग माझ्याकडे रडत यायचं नाही. हे त्या पेर्यावाल्याच्या कानावर कुणी घातलं देव जाणे. रोज संध्याकाळी दात कोरत कठड्याशी येऊन उभा राहतो. मला म्हणतो, काय ताई, म्हातारीने अजून कुणाला खाल्लं नाही का? मी म्हटलं, तुमचीच वाट बघतेय. तर खो खो हसला मेला. म्हणे आंधळी असली तरी चालेल, नाकावर चेंडू धरते ना, बास झालं. त्याची टाकी मी बघून आले. ट्रकवर ठेवलेली, पत्र्याची, वर सावलीला फाटकी ताडपत्री. आत गोडं पाणी, तेही हिरवं झालेलं, आणि त्यात एक पाणमांजर गोल गोल फिरत होतं. मुत्या त्या टाकीत धड वळूसुद्धा शकणार नाही.

दुसऱ्या दिवशी बोट सुजलं. दवाखान्यातल्या दोक्तोराला सांगितलं, माशाचा काटा रुतला. तिने त्याच्यावरचं औषध दिलं, तिची काही चूक नाही. नानायचं निदान ठरलेलं: पास्मा, गरमगार बाधलं. येशूचं नाव घेऊन म्हणते, सुसमार्योसेप, तापलेला हात बर्फातल्या मासळीत घालतेस, मग दुसरं काय होणार! लगेच मालिश करणाऱ्या आलिंग सेपाला बोलावलं. तिने खोबरेल तेल लावून बोट असं चोळलं की मी किंचाळले. तर दोघी एकमेकींकडे बघून म्हणतात, बघ, पास्माच आहे. मला हसूही आलं आणि रडूही. पास्मा नाही हे मला ठाऊक आहे, आणि आता तुलाही कळलं असेल.

मुत्या तुला चावली तेव्हा तुझं बोट कसं चिघळत गेलं ते मी शेजारी बसून पाहिलंय. आधी चकाकायला लागलं, मग सांधा वळेना, मग नुसत्या चादरीचा स्पर्शही तुला सोसेना. तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. या प्राण्यांच्या तोंडातल्या जंतूला वेगळं औषध लागतं हे त्या शहरातल्या डॉक्टरने सांगितलं, पण तोवर बोट काढून झालं होतं. मुत्या तेव्हा पिल्लू होती आणि जुने मालक भले होते, म्हणून राहिली. तू मात्र गेलास. त्यानंतर तू एकदाही तिचं नाव काढलं नाहीस आणि मीही कधी काढलं नाही. आता माझं बोट तसंच चकाकतंय.

तेच औषध मागायला मी औषधांच्या दुकानात जाऊन आले. चिठ्ठी आण म्हणाला. चिठ्ठी देणारी एकच दोक्तोरा, आणि ती सरांची मेव्हणी. बाई वाईट नाही, पण दर रविवारी त्यांच्याच घरी जेवायला असते. खरं सांगितलं की दुपारपर्यंत सरांना कळणार आणि संध्याकाळी पेर्यावाल्याचा ट्रक दारात. काल तिने बोट दाबून बघितलं. म्हणाली, परवापर्यंत उतरलं नाही तर तुला शहरात पाठवते, तिथे काय करतील ते मी सांगू शकत नाही.

मला फार भीती वाटते, कुया. बोटाची वाटते, आणि आता मुत्याचीही वाटते, हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू? तिला मी बाटलीने दूध पाजलंय. आणि आता ती तोंड उघडते तेव्हा माझे पाय मागे सरतात. तिला ते कळतं. दोन दिवस झाले, ती माझ्या हातून खात नाही, चिमट्याने टाकावं लागतं. मग मान वाकडी करून, चांगला डोळा माझ्याकडे करून बसते आणि बघत राहते. मी तिच्याशी बोलत असते, पण जवळ जाववत नाही.

आता कशासाठी लिहितेय ते सांगते. तू कामाला आहेस त्या पार्कातला मागचा तलाव म्हातारा नर सी-लायन गेल्यापासून रिकामा आहे, हे तूच नानायला कळवलं होतंस. समुद्राचं पाणी आहे, सावली आहे. तुझ्या मालकीणबाईंनी सरांना फोन करून मुत्या मागितली तर सर एका पायावर तयार होतील. त्यांना ती इथून जायला हवी आहे, आणि आजवर मागणारा एक पेर्यावालाच भेटलाय. पण मालकीणबाईंना तूच विचारावं लागेल, आणि मग रोज तिला भरवावंही तुलाच लागेल. कुणाकडे काय मागतेय हे मला कळतंय रे. नाही म्हणालास तर मी जन्मात त्यावर बोलणार नाही. किरिनोकाका हे पत्र सकाळच्या लाँचने आणतोय. दुपारपर्यंत तो तुमच्या धक्क्यावर थांबेल. संध्याकाळी मी इकडच्या धक्क्यावर उभी असेन. तुझं उत्तर हातात पडेपर्यंत दोक्तोराला खरं सांगणार नाही, हे मी ठरवलंय. तू चिडशील, चीड. आज लाल रेघ मनगटाच्या वर चढलीय, म्हणून या उकाड्यात लांब बाह्यांचा सदरा घालून बसलेय. लांबलचक लिहीत बसू नकोस. ‘आण’ एवढंच लिही, मी धक्क्यावरूनच दवाखान्याकडे धावत सुटते.

तुझीच घाबरट,
लुनिंग