काढून ठेवलेले दोन पाटे

४ मार्च, सोमवार

पहिला शेक झाला. एकोणीस राहिले.

किरणांचा शेक सात मिनिटांचा. रस्ता सव्वा तास जायला, सव्वा तास यायला. ताईच्या मणक्यावरच्या गाठीचं काय व्हायचं ते मशीनखाली होईल. पण ताईचे हाल होतात ते रस्त्यात.

टॅक्सीत वाकून शिरावं लागतं आणि कमरेचा पट्टा बांधला की ताईला वाकता येत नाही. म्हणून तिचीच पिकअप. अठरा वर्षं फरशा वाहिलेली, उंच, पायरीवर पाय ठेवून सरळ बसता येतं. चालवायला मी! इतकी वर्षं ती चालवायची आणि मी घरात मुद्रितं तपासायची.

सीट तिच्या मापाची. मी तिच्याहून वीतभर बुटकी. सीट पुढे ओढायला गेले तर म्हणाली, "सीटला हात लावू नकोस, बारके. महिन्याभरात मलाच बसायचंय तिथं." पाठीशी उशी घेऊन चालवली.

५ मार्च

आज सतरा खड्डे मोजले. दर खड्ड्याला ती खिडकीवरची मूठ आवळते. ओरडत नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

६ मार्च

तिसरा शेक. परतताना रेल्वे फाटकाजवळ तिने गाडी थांबवायला लावली. पंधरा मिनिटं डोळे मिटून बसली. मग एकच वाक्य — "उद्यापासून नाही."

मला वाटलं, थकून म्हणाली. घरी आल्यावर पट्टा सोडताना पुन्हा तेच. "शेक सोसेन. हा रस्ता नाही सोसवत."

७ मार्च

गेलो नाही.

दवाखान्यात फोन केला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन दिवस चुकले तर सांभाळून घेऊ. सोमवारी आणलं नाहीत तर केलेले तीनही वाया जातील."

ताईला सांगितलं. भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "गाडीचा दोष नाही. ती ओझ्यासाठी केलीय. अडीच टन भरा, पाळण्यासारखी जाते. आपण दोघी म्हणजे तिला दोन चिमण्या."

मग गाडीला मऊ करता येत नाही का, मी विचारलं. उत्तर नाही. म्हणजे येतं! ती गप्प बसते ते माहीत नसतं तेव्हा नाही, नको असतं तेव्हा.

८ मार्च

पाटेवाल्या मिस्त्रींना घरी आणलं. मागच्या चाकांवर लोखंडी पाट्यांची जी कमान असते, तेवढंच काम ते करतात, चाळीस वर्षं. ताईला मालकीण म्हणतात. मला नुसतं बाई.

गाडीकडे पाहिलंही नाही. सरळ ताईच्या खाटेपाशी खुर्ची ओढली.

"मालकीण, खड्ड्यात दुखतं की खड्ड्यानंतर?"

ताईने विचार केला. डॉक्टरांच्या प्रश्नांना ती इतका वेळ घेत नाही. "खड्ड्यात सुरीसारखं. नंतर दोन हेलकावे येतात, ते मुक्या मारासारखे."

"सुरी म्हणजे पाटे. हेलकावे म्हणजे शॉकअप. गेलेत ते. आणि चाकांत हवा किती ठेवलीय?"

"पासष्ट."

"भरल्या गाडीची! मालकीण, तुम्ही स्वतःला फरशी समजता काय?"

ताई हसली. सोमवारपासून पहिल्यांदा.

मी जन्मभर लोकांची ढिली वाक्यं आवळत आले. इतका नेमका प्रश्न माझ्या हाताखालून एकदाही गेलेला नाही.

मग त्यांनी ताईचा पट्टा मागितला. तेलकट शर्टावर स्वतःच्या कमरेला बांधला, करकचून. ताईच्या जागेवर बसले, डोळे मिटले. "चला बाई. रोजच्यासारखं. मी नाही असं समजा."

फाटकापर्यंत गेलो आणि आलो. फाटकाजवळच्या मोठ्या खड्ड्यात त्यांच्या तोंडून हवा गेली, तेवढाच आवाज. परत आल्यावर पट्टा सोडला, घडी घालून माझ्या हातात दिला.

"बाई, तुम्ही फार जीव लावून ब्रेक दाबता."

"खड्डा आहे म्हणून हळू करते."

"हळू आधी करायचं. खड्ड्यात पाय काढायचा. ब्रेक दाबला की गाडी पुढे वाकते. वाकलेलीला आणखी वाकायला जागा कुठली? मग सगळा दणका माणसाला."

म्हणजे पन्नासेक खड्डे तरी, तीन दिवसांत, मी काळजी घेत घेत तिच्या पाठीत घातले.

ताईला सांगितलं. ती म्हणाली, "माहीत होतं मला."

"मग बोलली का नाहीस!"

"तू आधीच स्टिअरिंग करकचून धरलं होतंस. वरून मी शिकवायला लागले असते तर किल्ली ठेवून दिली असतीस."

९ मार्च, शनिवार

सकाळी मिस्त्री हत्यारं घेऊन हजर. दोन्ही बाजूंच्या नऊ-नऊ पाट्यांतला एकेक, असे दोन काढतो म्हणाले. ताई खिडकीशी उभी. अंगणातलं ऐकू येत होतं तिला.

"काढू नका."

मिस्त्री खिडकीखाली आले. "हे दोन जास्तीचे मीच घातलेत, मालकीण. तुम्ही दीडाचे अडीच टन केलेत त्या वर्षी. मीच काढतो."

"काढले की तिच्यावर फरशा चढायच्या नाहीत."

"नाहीत."

"मग ती माझी गाडी कसली?"

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. म्हणाले, "फेकत नाही. तेल लावून, कापडात गुंडाळून तुमच्या दारामागे ठेवतो. वीस शेक पुरे करा. मग सांगाल त्या दिवशी बसवतो." गाडीखाली वाकले, खडू घेतला, दोन्ही पाट्यांवर डावा-उजवा लिहून दाखवलं. ज्या वस्तूचं काम संपलं तिला कोणी डावी-उजवी करत नाही.

ताई खिडकीतून बाजूला झाली. तोच होकार.

दुपारपर्यंत काम. तो माणूस हातोडा मारतानाही कान लावून मारतो. नवे शॉकअप. हवा पासष्टची चाळीस. शेवटी वजनाला वाळूच्या चार गोण्या, मागच्या चाकांच्या थोड्या पुढे, दोरीने आवळून.

ताई आतून — "आता वाळूलाही शेक द्यायचा का?"

"वाळूची पाठ तुमच्याहून बरी आहे, मालकीण!"

संध्याकाळी मी एकटीच रस्त्यावर गेले. आधी हळू. खड्ड्यात पाय वर. आधी हळू. खड्ड्यात पाय वर. पाय ऐकत नाही. भीती पायात असते हे मला माहीत नव्हतं.

११ मार्च, सोमवार

चौथा शेक.

फाटकापर्यंत ताई मुठीला धरून होती. मोठा खड्डा आला. मी पाय काढला. गाडी खाली गेली, वर आली, स्थिरावली. एकदाच. ताईने मूठ सोडली आणि हात मांडीवर ठेवला.

"ब्रेक?" मी विचारलं.

"रस्त्याकडे बघ," ती म्हणाली.

१४ मार्च

खड्डे मोजायचं विसरले.

२२ मार्च

तेरा झाले. परतताना ती झोपली. तोंड किंचित उघडं, मान खिडकीकडे. लहानपणी आजारी पडल्यावर मी अशी तिच्या खांद्यावर झोपायची. सव्वा तासाचा रस्ता मी दोन तासांत आणला. घरासमोर इंजिन बंद केलं तेव्हा जागी झाली.

"पोचलो? कुठून आणलीस?"

"त्याच रस्त्याने."

विश्वास बसला नाही तिचा.

मिस्त्रींना फोन करून सांगितलं. पलीकडून, "गोण्या आवळून घ्या. दोरी ढिली होते." बस्स! माणूस कौतुकही घेत नाही, पुढचं काम सांगतो.

२ एप्रिल

वीस झाले! गाठ निम्म्याहून लहान. डॉक्टरीणबाईंनी पट्ट्याशिवाय चार पावलं चालवून पाहिलं. ताई सहा चालली.

मग त्यांनी दुसरं सांगितलं. जड गाडी चालवायची नाही. "काही महिने?" ताईने विचारलं. "कधीच नाही," त्या म्हणाल्या.

परतताना फाटक बंद होतं. आगगाडी जाईपर्यंत ताईने माझ्या पायांकडे पाहिलं, मग पाठीशी असलेल्या उशीकडे.

५ एप्रिल

ताई दारामागच्या कापडातल्या पाट्यांसमोर स्टूल घेऊन बसली होती. मी दिसताच म्हणाली, "मुद्रितं किती दिवस तुंबलीत तुझी?"

"बरीच."

"त्यात मन लागतं का अजून?"

पंचवीस वर्षांत हे तिने विचारलं नव्हतं. मी हातातली गाडीची किल्ली फिरवत राहिले. तिला ते पुरलं असावं.

९ एप्रिल

मिस्त्री आले. डावा डावीकडे, उजवा उजवीकडे बसवला. हवा पासष्ट. वाळू अंगणात ओतली. मला वाटलं, गाडी विकायला काढली. ते हत्यारं गोळा करत असताना ताईने खिडकीतून हाक मारली — "मिस्त्री, ते राहिलंच की. सीट वीतभर पुढे घ्या. हिचे पाय पोचत नाहीत."

अठरा वर्षांचा गंज. सात घाव लागले. उशी घरात आणून ठेवली.