आमचा बावीस दिवसांचा संप

५ जानेवारी
नाव नोंदवलं. इतिहास, स्वतंत्र संशोधन सेमिनार. कर्मचाऱ्यांना यंदा एक विषय खुला आहे, शिक्षणाची अट नाही. मी सातवी नापास, पण विद्यापीठाच्या लाँड्रीत सत्तावीस वर्षं चादरी धुतल्यात. तेवढ्यात लोक प्राध्यापक होऊन रिटायर होतात. विषय ठरला: आमचा संप. बारा पानं द्यायची. रविवारी उरकते.

८ जानेवारी
मॅडम माझ्या धाकटीच्या वयाची. म्हणे मी शिकवणार नाही, तुम्हीच शोधायचं, तुम्हीच लिहायचं. मग पगार कसला घेते? वर पुरावा मागते. म्हटलं, पुरावा समोर बसलाय. सोड्यानं हात सोलायचे, हातमोजे मागितले, दिले नाहीत, म्हणून गेटवर बसलो. बावीस दिवस मी हलले नाही. फुटली ती माझ्याबरोबर लाँड्रीत असलेली आमची थोरली जाऊ. घरात सगळ्यांना माहीत आहे. तर विचारते, घरात कुणी सांगितलं? आगाऊ कार्टी.

१९ जानेवारी
दोन रविवार गेले. चार पानं झाली, ती परत आली. प्रत्येक गोष्ट कुठून कळली ते खाली टीप देऊन लिहायचं म्हणे. चौदा टिपा लिहिल्या. चौदाही ठिकाणी: मी स्वतः. सगळ्यांवर लाल रेघ. दुसरा साक्षीदार आणा म्हणाली. आणू कुठून? बाकीच्या काही वारल्या, काही पोरांकडे गेल्या. उरली थोरली. तिच्याशी मी संपापासून, चोवीस वर्षं बोलत नाही. लग्नकार्यातसुद्धा तिच्याकडे पाठ करून जेवते. मार्कांसाठी आता तिच्या दारात जाऊ? माझी चप्पल जाते.

३ फेब्रुवारी, सकाळी
आज रेकॉर्ड रूम. संपाच्या महिन्याचं मस्टर काढून ठेवतो म्हणालाय क्लार्क. थोरलीची सही दिसली की झेरॉक्स काढून मॅडमच्या टेबलावर आपटते.

त्याच दिवशी, दुपारी
मस्टर चुकीचं आहे. चौथ्या दिवसापासून रोज माझी सही. थोरलीपुढे रोज लाल फुली आणि शेवटी 'कामावरून कमी'. तेव्हाचा सुपरवायझर बदमाश होता, सह्या त्यानंच ठोकल्या असणार. आत येताना मी क्लार्कच्या वहीत सही केली होती, ती त्या मेल्यानं मस्टरशेजारी धरून बघितली. कुणी सांगितलं होतं त्याला?

४ फेब्रुवारी
डबा आत राहिला असेल, तो आणायला गेले असेन. एकोणीस दिवस? यांना विचारलं. म्हणाले, जात होतीस की, आपला मोठा टायफॉइडनं पडला होता ना. म्हटलं, मग चोवीस वर्षं गप्प का बसलात? म्हणाले, तू बोलू कुठे देतेस. जेवण वाढलं नाही.

१० फेब्रुवारी
मॅडमला सांगितलं, विषय बदला, लिफ्टच्या इतिहासावर लिहिते. नाही म्हणाली. काकू, जाऊबाईंना एकदा भेटाच. हिला मुलंबाळं नाहीत, जावा नाहीत, हिचं काय जातंय.

१६ फेब्रुवारी
गेले. वही घेऊन, कामापुरती. माफीबिफी काही नाही. थोरलीनं दार उघडलं, खुर्ची दिली. विचारलं, चौथ्या दिवशी काय झालं?
म्हणाली, "पोराला औषध हवंय, तू आत जा, असं मीच तुला म्हटलं. घरी तू काय सांगितलंस ते मला नंतर कळलं."
मग बोलली का नाहीस म्हटलं.
"तू पाठ करून जेवायचीस. पाठीला सांगू?"
संताप संताप झाला. पण बाईला तारखा सगळ्या पाठ. कोण कधी आलं, गेटवर काय बोलणं झालं, शेवटी हातमोजे कुठल्या दिवशी मिळाले. ते तिला घालायला मिळालेच नाहीत. लिहून लिहून माझं मनगट दुखलं. उठताना चहा दिला. तो प्यावाच लागला.

२८ फेब्रुवारी
बारा पानं दिली. साडेअकरा तिच्या बोलण्याची. माझं अर्धं पान. 'चौथ्या दिवशी मी कामावर गेले' एवढं एक वाक्य लिहायला चार दिवस लागले, पेनच खराब होतं. वर दोघींची नावं घातलीत. तिचं आधी. वयानं मोठी आहे म्हणून, दुसरं काही नाही.