स्वल्पविरामाच्या पुढे

४ फेब्रुवारी
चाळीसपैकी सतरा! इंग्रजीच्या रिकाम्या जागा, खाली चार पर्याय, एकावर खूण करायची — एवढ्यात सतरा. मास्तरांनी पेपर सगळ्या क्लाससमोर वर धरला. "हे चिरंजीव अर्धं वाक्य वाचतात आणि खूण करून मोकळे होतात." सगळे हसले. मी दप्तर उचललं. मास्तर म्हणाले, "बघा, माझंही वाक्य अर्ध्यात टाकून निघाले." बसलो परत. कान तापलेले.
परीक्षा चोवीसला. पंचवीस मिळाले तरच कॉलेज परत घेणार.

७ फेब्रुवारी
मास्तरांची पद्धत: पर्याय झाकायचे. वाक्य पूर्णविरामापर्यंत वाचायचं. मनात आपला शब्द घालायचा, मगच झाकण काढायचं. मी कॉलेजच्या जुन्या ओळखपत्राने झाकतो. रुंदी बरोबर बसते.
कामाला जातो त्या दुकानात झेरॉक्स काढतानाही पुटपुटत होतो. मालक म्हणाले, "मंत्र कसले म्हणतोस? मशीन आधीच आजारी आहे."

९ फेब्रुवारी
रविवार. दुकान बंद, क्लास बंद. दिवसभरात तोंडातून दोन शब्द निघाले — "राहू दे." ताईला. तिने दिवा लावू का विचारलं होतं.

१२ फेब्रुवारी
आज एक वाक्य आलं. माणसाला बढती मिळाली. मी 'आनंदी' ठरवून टाकलं होतं. स्वल्पविरामाच्या पुढे मात्र, त्याला घर सोडून लांब जायचं होतं. उत्तर 'उदास'.
पेन्सिल तशीच राहिली हातात.
कॉलेजच्या वाचनालयाच्या पायऱ्यांवर मी तिला मनातलं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली होती, "मी तुला हो म्हणू शकत नाही, कारण —" बस. तेवढंच ऐकलं मी. हातातली पुस्तकं आपटली आणि निघालो. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून नाव काढलं. चौदा महिने झाले.
'कारण'च्या पुढे काय होतं?

१३ फेब्रुवारी
अ) तू आवडत नाहीस.
ब) घरचे ऐकणार नाहीत.
क) आधी शिक्षण संपव.
ड) दुसरा कोणी आहे.
चारही बसतात. मास्तर म्हणतात, दोन बसत असतील तर वाक्य पुन्हा वाच. वाक्यच नाही माझ्याकडे. मीच ऐकलं नाही.

१७ फेब्रुवारी
ताईला सांगून टाकलं. "मग विचार की जाऊन. खाते का ती?"
"विचारलं तर उत्तर येईल ना, ताई."
ताईने स्वतःच्या कपातला अर्धा चहा माझ्या कपात ओतला.

२४ फेब्रुवारी
झाली परीक्षा. ओळखपत्र आत नेऊ दिलं नाही. तळहाताने झाकलं. प्रत्येक वाक्य शेवटपर्यंत.

२ मार्च
एकतीस! मास्तर म्हणाले, "चिरंजीव वाचायला शिकले." उद्या कॉलेज. उद्या तिलाही विचारणार. मला 'क' वाटतंय. जवळजवळ खात्रीच आहे.

३ मार्च
त्याच पायऱ्या. पूर्ण ऐकायचं ठरवलं होतं, मधे एक शब्द बोललो नाही. तिने खरंच आठवून पाहिलं, कपाळाला आठ्या घालून. मग म्हणाली, "अरे, असं काही बोलले होते का मी? नाही रे आठवत."
पूर्णविरामापर्यंत ऐकलं.